बाईकची टायमिंग चेन 'हेवी' टाकली की आवाज जातो का?

विलेपार्ल्याच्या हायवेवर ट्रॅफिकमध्ये बाईक उभी आहे आणि इंजिनाच्या एका बाजूने खरखर येते. मेकॅनिक कान लावून सांगतो, 'टायमिंग चेन गेली.' मग रील्स बघून 'हेवी ड्युटी' चेनचा शोध सुरू होतो.

ही मागच्या चाकाची चेन नव्हे. ती इंजिनाच्या आत, ऑइलमध्ये फिरते आणि क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टला देते, बरोबर निम्मी. इंजिन मिनिटाला 6000 फेरे घेत असेल तर कॅम 3000 घेतो, म्हणजे एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला 50 वेळा उघडतो. हा ताळमेळ चुकला तर गाडीचा दम आणि ॲव्हरेज दोन्ही जातं. चेन दात सोडून सरकली तर अनेक इंजिनांत पिस्टन थेट व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतो आणि हेड खोलावं लागतं. गाडीवरच रोजगार असेल तर तेवढे दिवस कमाई बंद.

चेन 'ताणली' म्हणतात, पण लोखंड रबरासारखं ताणलं जात नाही. प्रत्येक कडीची पिन थोडी थोडी झिजते आणि सगळ्या कड्यांची झीज मिळून लांबी वाढते. घाणेरडं किंवा कमी ऑइल हे त्याचं मोठं कारण. मुंबईत आणखी एक भर: सिग्नलला उभ्या गाडीचे किलोमीटर वाढत नाहीत, इंजिन मात्र फिरतच असतं. म्हणून फक्त मीटर बघून ऑइल बदलणारे इथे फसतात.

मग अपग्रेड? काही इंजिनांत रोलर किंवा बुश चेन असते, काहींत दातेरी पट्ट्यांची 'सायलेंट' चेन. दुसरीचा आवाज कमी, पण तिला स्प्रॉकेटही वेगळी लागतात. एकीच्या जागी दुसरी नुसती चढवता येत नाही. कडीचं माप किंवा कड्यांची संख्या वेगळी असलेली 'हेवी' चेन तर बसणारच नाही. खरं अपग्रेड साधं आहे: कंपनीच्या पार्ट नंबरची चेन आणि सोबत टेन्शनर, गाईड, झिजलेली स्प्रॉकेट. जुन्या दातांवर नवी चेन लवकर झिजते. बऱ्याचदा तर चेन ठीक असते, टेन्शनरच अडकलेला असतो. टॅपेट सैल झाले तरी टकटक येते, त्यामुळे पैसे मोजण्याआधी या दोन गोष्टी तपासून घ्याव्यात.

पुशरॉडवाल्या जुन्या बुलेटला ही डोकेदुखी नाही, तिथे कॅम गिअरवर फिरतात. 2020 साली आलेल्या मीटिअर 350 पासून मात्र कॅम वर हेडमध्ये गेला आणि चेन आली.

चेन बसवताना पिस्टन वर आणून मॅग्नेटवरची 'टी' खूण आणि कॅम स्प्रॉकेटची खूण जुळवतात. चांगला मेकॅनिक लगेच स्टार्टर दाबत नाही. आधी इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवतो, कुठे अडकलं तर तिथेच थांबतो आणि खुणा पुन्हा बघतो.