बटाटा, ताक आणि आयर्लंड

"डॉक्टर, बटाट्यात काय असतं हो? नुसता वातूळ!" हे वाक्य मी दवाखान्यात आठवड्यातून दोनदा तरी ऐकतो. अशा वेळी मला आयर्लंडच्या खेड्यातला शेतमजूर आठवतो.

१८४५ पूर्वी तिथल्या गरिबाच्या घरी रोजचे जेवण म्हणजे उकडलेले बटाटे आणि ताक. कष्टाचे काम करणारा गडी दिवसाला ५ ते ६ किलो बटाटे सहज खाई! सालासकट हंड्यात उकडायचे, निथळायला टोपलीत ओतायचे आणि तीच टोपली मध्ये ठेवून सगळ्या घराने भोवती बसायचे. काटे-चमचे नाहीत. अंगठ्याच्या नखाने साल काढायची, मिठाच्या पाण्यात किंवा ताकात बुडवून खायचे. समुद्रकाठी एखादा खारवलेला मासा, मांस सणासुदीला. काही घरांत बटाटा मुद्दाम आतून कच्चा ठेवत. तो सावकाश पचतो, भूक लवकर लागत नाही, असा त्यामागचा हिशेब.

हे जेवण एकसुरी असले तरी निकस नव्हते. ५ किलो बटाट्यांतून १०० ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. 'क' जीवनसत्त्व तर गरजेच्या कितीतरी पट, आणि साल असल्याने ते उकळत्या पाण्यात फारसे उतरत नाही. बटाट्यात कॅल्शियम कमी, ते ताक भरून काढी. (आपण सोलतो, चिरून पाण्यात टाकतो, वर तळतो. मग बटाट्याने तरी काय करावे?)

धोका होता तो एकाच पिकावर विसंबण्याचा. त्यातही 'लंपर' या एकाच जातीची लागवड फार. १८४५ मध्ये करपा आला आणि १८४६ मध्ये जवळजवळ सगळे पीक शेतातच कुजले. सरकारने अमेरिकेतून मका आणवला. पोटात काही तरी पडले, पण वाळलेल्या मक्यात 'क' जीवनसत्त्व नाही. तिथे क्वचितच दिसणारा स्कर्व्ही पसरला: हिरड्या सुजून रक्त येई, पाय काळेनिळे पडत. दुबळ्या झालेल्या शरीरांना साथीच्या तापांनी गाठले. १८५२ पर्यंत सुमारे १० लाख माणसे गेली, जवळपास तेवढीच देश सोडून गेली.

तेव्हा वातुळाची तक्रार करणाऱ्यांना मी सांगतो, बटाटा सालासकट उकडा, सोबत पालेभाजी आणि वरण असू द्या. मधुमेह असलेल्यांनी मात्र बेताने.