गोठ्यातला कोबा आणि गाईचे गुडघे

निपाणीच्या बाजारात पशुखाद्याच्या दुकानांपुढे, सरकी पेंडीच्या पोत्यांशेजारी, हल्ली काळ्या रबरी मॅटची चवड रचलेली दिसते. कुणी नुसता हात लावून पाहिला तरी दुकानदार आतून बोलायला लागतो, आणि बोलणं दुधापासूनच सुरू होतं. मॅट घातली की लिटर-दोन लिटर वाढलंच म्हणून समजा! गिऱ्हाईक मनातल्या मनात दहा दिवसांच्या बिलाचा हिशेब करतं. मग दोन मॅट टेम्पोत पडतात आणि घरी नेऊन थेट गव्हाणीपुढे अंथरल्या जातात. महिन्याभराने दूध होतं तेवढंच, गोठ्याला वास मात्र नवा. दोष मॅटच्या माथी.

मॅट दूध देत नाही, हे आधी सांगितलेलं बरं. ती गाईच्या वाटेतला एक अडथळा काढते. तो अडथळा बहुतेक घरी आपणच, चांगल्या हेतूने आणि सिमेंटला पैसे मोजून, बांधून ठेवलेला असतो.

कागल-निपाणी पट्ट्यातलं जुनं घर आठवून बघा. उंबरा ओलांडला की आधी गोठा, मग सोपा, मग माजघर. पाहुण्याला पहिल्यांदा म्हैस भेटायची, घरधनी नंतर. गोठ्यात मुरूम चोपून केलेली जमीन असायची, कुठे दगड बसवलेले. पण जनावर त्या जमिनीवर असायचं किती वेळ? सकाळची धार झाली की गुराख्यामागे गायरानात, दुपारी म्हैस वेदगंगेच्या नाहीतर ओढ्याच्या पाण्यात, आणि दिवेलागणीला परत. गोठा म्हणजे रात्रीचा मुक्काम. खिल्लार बैलाचं खूर तर असं की खडी तुडवून आला तरी कुरकूर नाही.

नंतर सगळंच बदललं. संकरित गाय आली. एचएफ म्हणजे होल्स्टीन फ्रीजियनच्या रक्ताची, अंगाने जड, दुधाला भरपूर आणि उन्हाला नाजूक. गायरानं आकसली. 1981 च्या शेतकरी आंदोलनाने ज्या तंबाखूसाठी निपाणीचं नाव महाराष्ट्रभर झालं, त्या तंबाखूच्या रानातही ऊस शिरला. चरायला जागा उरली नाही, तेव्हा वैरण गाईकडे यायला लागली आणि गाय दावणीलाच राहिली. चोवीस तास. कुणाचं दूध कोल्हापूरच्या ‘गोकुळ’ला, कुणाचं बेळगावच्या संघातर्फे ‘नंदिनी’ला, कुणाचं खासगी डेअरीला. इकडे कर्नाटक सरकारचं लिटरमागे 5 रुपयांचं प्रोत्साहन, तिकडे महाराष्ट्रात फॅटचा भाव. सीमाभागातला शेतकरी दोन्ही बाजूंची आकडेमोड तोंडपाठ करून बसलेला. दूध स्वच्छ हवं, गोठा धुता आला पाहिजे, म्हणून मुरूम गेला आणि कोबा आला. त्यात चूक काही नव्हती. मुरमाच्या जमिनीत मूत मुरायचं, खड्डे पडायचे, पावसाळ्यात नुसता रेंदा. पण ज्या जमिनीवर जनावर फक्त रात्र काढायचं, तिच्याहून कडक जमिनीवर आता त्याचा जन्म चालला होता, याचा विचार करायचा राहून गेला.

गाय खाली कशी बसते, हे गोठ्यात वाढलेल्या माणसानेही बहुधा नीट पाहिलेलं नसतं. मीही पाहिलं नव्हतं. ती आधी मान खाली घालून जमीन हुंगते. मग पुढचे दोन्ही पाय दुमडते आणि गुडघ्यांवर येते. ‘येते’ म्हणजे शेवटची वीतभर ती चक्क आदळते. मग मागचा भाग एका कुशीवर सोडते. उठताना उलटं: मान पुढे फेकून आधी मागचे पाय सरळ करते आणि तेवढा वेळ पुन्हा गुडघ्यांवरच उभी असते. घोडा आधी पुढचे पाय टेकवून उठतो, गाय-म्हैस मागून उठतात. म्हणजे साडेचारशे किलोच्या गाईचा निम्म्याहून जास्त भार बसताना एकदा आणि उठताना एकदा दोन गुडघ्यांवर पडतो. दिवसातून दहाएक वेळा ती बसते-उठते, असं धरा. वर्षाचे सात हजारांवर धक्के, सिमेंटवर. मग पुढच्या गुडघ्यावर लिंबाएवढी, पुढे नारळाएवढी सूज येते; मागच्या ढोपराचे केस जाऊन कातडी सोलवटते. गावात म्हणतात, ‘कुठंतरी धडकली असंल.’ धडकत कुठेच नसते, फक्त बसत असते.

खात्री करायची तर सोपी रीत आहे. गोठ्यात जाऊन, जिथे गाईचे पुढचे पाय येतात तिथे, उभ्याचे एकदम गुडघ्यांवर या. अंगाचा भार सोडून या, हाताने सावरू नका. दुसऱ्यांदा तसं करायची इच्छा झाली तर तुमच्या गोठ्याला मॅटची गरज नाही.

निरोगी दुभती गाय मोकळीक मिळाली तर दिवसाच्या 24 तासांपैकी सुमारे 12 तास बसून काढते. हा आळस नव्हे, कामच आहे. बसल्या बसल्या रवंथ निवांत होतो, खुरांवरचा भार उतरतो आणि कासेकडे जाणारं रक्त वाढतं. एक लिटर दूध तयार व्हायला कासेतून 400 ते 500 लिटर रक्त फिरावं लागतं, हे लक्षात घेतलं की गाईचं बसणं बिलात कुठे दिसतं ते कळतं. जमीन टोचते म्हणून ती बसायचं टाळते, उभ्या उभ्याच रवंथ करते. चार तास उभी, मग सहा तास उभी. खुरं सुजतात, लंगडी होते, लंगडली की गव्हाणीकडे कमी जाते. दूध तुटतं ते असं, आडवळणाने. दुकानदार सांगतो त्याच्या उलट दिशेने वाचायचं: मॅटने दूध वाढत नाही, कोब्याने कमी झालेलं काही अंशी परत मिळतं. तेही कोबाच कारण असेल तर. पेंड कमी पडत असेल, पाणी दिवसातून दोनदाच दाखवलं जात असेल, तर मखमल अंथरा, काही होणार नाही.

आणि पान्हा. मला वाटतं, मॅटची खरी कमाई इथे आहे, आणि हिच्याबद्दल कुणी बोलत नाही. ओल्या गुळगुळीत कोब्यावर एकदा पाय फाकून पडलेली गाय ती जागा विसरत नाही. धारेच्या वेळी तिथे उभी केली की अंग आखडून, पाय जवळ घेऊन उभी राहते. कास धुतली, सड चोळले की साधारण मिनिटभरात पान्हा उतरायला हवा आणि पुढच्या पाच-सात मिनिटांत धार आटोपायला हवी. पण भ्यालेल्या जनावराच्या रक्तात जे उसळतं ते पान्ह्याला अडवतं. आपण म्हणतो, ‘गाय पान्हा चोरायला लागली.’ बिचारी चोरत नाही, तोल सांभाळत असते. कासेत राहिलेलं दूध पुढे दगडीला, म्हणजे कासेच्या दाहाला, आवतण देतं. रबराच्या खडबडीत पाठीवर खूर रुततं, तोल राहतो. त्या एका गोष्टीसाठीसुद्धा धारेच्या जागी मॅट असावी.

आता बसवायचं. इथे माझ्या मामांची फजिती सांगतो. त्यांनी गोठ्याला सहा मॅट आणल्या, भरभक्कम, एकेक उचलायला दोन माणसं. कोबा सपाट होता, मधे थोडा खोलगट. त्यावर मॅट पडल्या. दोन आठवडे गोठा शोरूमसारखा दिसला. श्रावणात मॅटखाली साचलेलं मूत-पाणी आंबलं, अळ्या झाल्या, माश्यांनी सोपासुद्धा सोडला नाही. मामी म्हणाली, ‘जनावरांस्नी गालिचा घातलाय नव्हं, आता आमी भाईर ऱ्हातो.’ मॅट उचलून पाहिल्या तर दोन उलट्या घातलेल्या, खाचांची बाजू वर.

खाचा खाली जातात, त्यांतून पाणी वाहतं. पण पाणी वाहायला उतार लागतो, आणि तो मॅट देऊ शकत नाही; तो कोब्यातच हवा. गव्हाणीकडून मागच्या नालीकडे 40 ते 60 फुटांना 1 फूट, म्हणजे सहा फुटांच्या जागेत जेमतेम सव्वा ते पावणेदोन इंच. त्याहून जास्त दिला तर गाभण जनावराला त्रास. कोबा नवा असेल तर तीन-चार आठवडे मुरू द्यावा. साडेसहा बाय चार फुटांचं माप सगळीकडे मिळतं, पण आधी गाय मोजावी, मग मॅट. मागचे खूर मॅटवर यायला हवेत, नालीत नव्हे. भिंतीला चिकटवून बसवू नये. रबर उन्हाळ्यात फुगतं, अर्धा इंच फट ठेवली नाही तर मधे उचलून येतं. बोल्ट मारायचे तर फक्त गव्हाणीकडच्या बाजूला, म्हणजे मागून उचलून खालचं धुता येतं. कापताना सुरीला साबणाचं पाणी लावलं तर ती लोण्यात गेल्यासारखी जाते, एरवी हात दुखून येतो. पहिले दोन-तीन दिवस जनावर बुजतं, हुंगतं, कडेला उभं राहतं. थोडी वैरण पसरली की चढतं.

घेताना वजनावर जाऊ नये. जड म्हणजे चांगली, असं आपल्याकडे लोखंडापासून लग्नापर्यंत सगळीकडे धरतात. रबरात स्वस्त भुकटी कालवून वजन हवं तेवढं वाढवता येतं. कोपरा दुमडून बघावा. घडीवर पांढरी रेघ उमटली, भेग दिसली तर पुढच्या दुकानात जावं. टायरच्या चुऱ्याच्या मॅट स्वस्त पडतात आणि वाईटच असतात असं नाही, पण कठीण निघतात. गुडघ्याची परीक्षा दुकानातही घेता येते, लोक हसले तर हसू देत. ईव्हीएच्या फेसाळ मॅट हलक्या आणि मऊ असतात, मात्र टोकदार खुराखाली लवकर झिजतात.

हलकेपणाला मी किंमत देतो ती एका कारणासाठी. मॅट आणतो पुरुष, धुते बाई. सीमाभागातल्या बहुतेक घरांत शेण काढणं, धार काढणं, गोठा झाडणं बायकांकडे आहे. तीस-चाळीस किलोची मॅट पंधरा दिवसांनी उभी करून खालचं खरवडायचं, तिथे चुना किंवा ब्लीचिंग पावडर टाकायची, वाळू द्यायचं, हे तिच्याच कमरेवर येतं. दुकानात निवड करताना ती बरोबर असते का? एकमेकांत अडकणाऱ्या लहान तुकड्यांच्या मॅट त्या दृष्टीने बऱ्या; सांध्यांतून पाणी झिरपतं, हा त्यांचा दोष पत्करूनही.

शिवाय मॅट म्हणजे गादी नव्हे. वाळूचा किंवा काडाचा जाड थर मिळाला तर गाय रबरापेक्षा त्यावर जास्त वेळ बसते, हे परदेशातल्या मोठ्या गोठ्यांत वारंवार दिसून आलं आहे. आपल्याकडे वाळू सोन्याच्या भावाने, पण ऊसपट्ट्यात पाचटाला काय तोटा? फडात पेटवून देण्यापेक्षा त्यातलं कोरडं पाचट बारीक करून मॅटवर दोन बोटं पसरलं तर ढोपरं सोलवटत नाहीत, मूत शोषलं जातं आणि ते खतात जातं. खानापूरकडच्या पावसाच्या मुलुखात गुरांखाली पाला अंथरायची रीत जुनीच आहे. आणि परड्यात जागा असेल त्याने मॅटचे पैसे आधी कुंपणाला घालावेत. गाईला छताखाली साडेतीन आणि उघड्यावर सात चौरस मीटर जागा, म्हशीला चार आणि आठ, हे भारतीय मानकाचं माप आहे. मुक्त गोठ्यात, मातीवर सुटं फिरणारं जनावर आपली मऊ जागा आपण शोधतं. मॅट तिथे फक्त गव्हाणीपुढे आणि धारेच्या जागी पुरते. उघड्या उन्हात तर ती घालूच नये, काळं रबर तव्यासारखं तापतं.

म्हशीचं काय, असं कोल्हापूरच्या बाजूचा वाचक विचारणारच. म्हशीला गुडघे गाईसारखेच, वजन जास्त. दिवाळीच्या पाडव्याला बेळगावात आणि कोल्हापुरात गवळी बांधव शिंगं रंगवून, गळ्यात माळा घालून म्हशी डौलाने पळवतात. त्या चपळाईमागे वर्षभर सांभाळलेले खूर असतात. जिला डुंबायला ओढा उरला नाही त्या म्हशीला तर मॅट आधी मिळावी.

एक साधी सवय यासोबत लावून घ्यावी, तिला पैसा लागत नाही. धार झाल्यावर सडाचं तोंड मिटायला अर्धा तास लागतो. मऊ जागा मिळाली की गाय लगेच बसते आणि उघडा सड जमिनीला टेकतो. म्हणून ताजी वैरण धारेच्या आधी न टाकता नंतर टाकावी; खाईपर्यंत ती उभी राहते.

कर्नाटकात पशुसंगोपन खातं आणि दूध संघ अनुदानावर मॅट देण्याच्या योजना वेळोवेळी काढतात. सध्या काय चालू आहे ते गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा दूध संस्थेत विचारा. पण अर्ज करण्याआधी एक काम करा. दुपारी, सगळी वैरण खाऊन झाल्यावर, आवाज न करता गोठ्याच्या दारात उभे राहा आणि किती जनावरं बसलीत ती मोजा. निम्मी उभी असतील तर आधी बादलीभर पाणी गव्हाणीपाशी ओता आणि ते कुठे जाऊन थांबतं ते पाहा. नालीपर्यंत गेलं तर मॅट घ्या. मधेच थांबलं तर गवंड्याला बोलवा.