स्पोर्ट्स कारची किंमत कधी चढते?

नवी स्पोर्ट्स कार शोरूमच्या दारातून बाहेर पडली की तिची किंमत उतरू लागते. नाव कितीही मोठं असलं तरी बहुतेक गाड्यांची यातून सुटका नाही. मॅकलॅरेनची एमपी4-12सी 2011 मध्ये आली तेव्हा ब्रिटनमध्ये तिची किंमत सुमारे 1,68,500 पौंड होती. सात-आठ वर्षांत तिच्या चांगल्या जुन्या गाड्या जवळपास निम्म्या किमतीत मिळू लागल्या. गाडी उत्तमच होती. पण कंपनीने तिच्यामागून 650एस आणली, मग 720एस, आणि दर वेळी नवी गाडी आधीच्या गाडीहून वेगवान निघाली. केवळ वेगासाठी घेतलेली गाडी अशी हरतेच, कारण तिच्याहून वेगवान गाडी कधी ना कधी येणारच असते.

तरीही काही आधुनिक गाड्या मूळ किमतीच्या दुप्पट-तिप्पट भावाला जातात. त्या थोड्याच बनल्या होत्या, हे उत्तर चटकन सुचतं, पण ते अपुरं आहे. अशा गाडीकडे पाहताना मी आधी एकच गोष्ट तपासतो: ती चालवताना जे मिळतं, ते कंपनी उद्या दुसऱ्या गाडीतून देऊ शकेल का?

पोर्शच्या 911 आर या गाडीने हे फार स्पष्ट दाखवून दिलं. 2013 साली आलेल्या 911 जीटी3 मध्ये पोर्शने हाताने बदलायचा गिअरबॉक्स दिलाच नाही. वेगाच्या हिशेबाने निर्णय बरोबर होता, पण क्लच दाबून गिअर टाकण्यातच ज्यांचा जीव रमतो ते नाराज झाले. मग मार्च 2016 मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात 911 आर आली. चार लिटरचं, टर्बो नसलेलं इंजिन, सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि संख्या फक्त 991. बघता बघता तिच्यासाठी मूळ किमतीच्या कितीतरी पट पैसे मागितले जाऊ लागले. पण 2017 मध्ये पोर्शने जीटी3 पुन्हा मॅन्युअलमध्ये आणली, त्याच वर्षी तिची टूरिंग आवृत्तीही दाखवली, आणि 911 आरचा भाव घसरला. 991 हा आकडा तर बदललेला नव्हता. बदललं ते इतकंच की जवळपास तोच आनंद आता दुसऱ्या गाडीतही मिळू लागला.

याच्या अगदी उलट चाल कॅरेरा जीटीची. ल मांच्या शर्यतीसाठी आखलेला प्रकल्प पोर्शने गुंडाळला आणि त्यातलं व्ही10 इंजिन रस्त्यावरच्या गाडीत घातलं. 5.7 लिटर, 612 अश्वशक्ती, मॅन्युअल गिअर आणि सवय नसलेल्याला घाम फोडणारा क्लच. कंपनीने 1,500 गाड्यांची योजना आखली होती. 2006 मध्ये उत्पादन थांबलं तेव्हा 1,270 तयार झाल्या होत्या. अमेरिकेतली किंमत होती 4,40,000 डॉलर. 2008 च्या आर्थिक संकटानंतरच्या काळात ती तीन-साडेतीन लाखांपर्यंत आली. त्या वेळी तिला गुंतवणूक म्हणणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं. पुढे मात्र एक गोष्ट पक्की होत गेली: प्रदूषणाचे नियम, टर्बो आणि स्वयंचलित गिअरबॉक्स यांच्या काळात पोर्श असं यंत्र पुन्हा बनवणार नाही. भाव दहा लाख डॉलरच्या पुढे गेला. 2022 मध्ये अगदी कमी चाललेल्या एका गाडीला ऑनलाइन लिलावात सुमारे 20 लाख मिळाले.

म्हणजे किमतीचा रस्ता आधी खाली जातो, बरीच वर्षं सपाट राहतो आणि मग, चढलाच तर, चढतो. पहिल्या मालकाला तो उतार सोसावाच लागतो. सुरुवातीपासून चढणाऱ्या गाड्या असतात, पण त्या कुणाला द्यायच्या हे कंपनी ठरवते आणि झटपट नफ्यालाही आळा घालते. 2017 ची फोर्ड जीटी पहिली दोन वर्षं न विकण्याच्या अटीवरच दिली जात होती. कुस्तीपटू-अभिनेता जॉन सीनाने ती लवकर विकली, तेव्हा फोर्डने त्याच्यावर दावा ठोकला. पुढे तडजोड झाली.

आता नफ्याचा हिशेब मांडू. समजा, 2005 मध्ये 4,40,000 डॉलरला घेतलेली कॅरेरा जीटी 2022 मध्ये 13 लाखांना विकली. किंमत जवळपास तिप्पट झाली. पण 17 वर्षांत तिप्पट म्हणजे चक्रवाढीने वर्षाला साधारण साडेसहा टक्के. त्यातून विमा, जागेचं भाडं, सर्व्हिसिंग, न झिजताही वयामुळे बदलावे लागणारे टायर आणि लिलावाचं कमिशन वजा करा. त्याच काळात अमेरिकेचा एसअँडपी 500 निर्देशांक लाभांश न धरताही तिपटीच्या वर गेला, आणि त्याला गॅरेज लागलं नाही. केवळ पैशासाठी अशी गाडी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बाजार कमी किलोमीटरला जास्त पैसे देतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. इंजिनिअरांनी रक्त आटवून घडवलेलं व्ही10 आच्छादनाखाली मुकं ठेवायचं आणि त्याचंच बक्षीस घ्यायचं! शिवाय उभ्या गाडीचे रबरी सील सुकतात, इंधन खराब होतं. सर्व्हिसच्या पूर्ण नोंदी असलेली, नियमित फिरवलेली गाडी मला केव्हाही अधिक भरवशाची वाटते.

भारतात हा खेळ आणखी अवघड आहे. आयात केलेल्या नव्या गाडीवरचं भरमसाट शुल्क खरेदीच्या किमतीत मिसळतं, पण विकताना परदेशातला खरेदीदार ते भरून देत नाही. 2025 पासून 50 वर्षांहून जुन्या गाड्या आणायला मोकळीक मिळाली आहे. त्या वाटेने 2004 ची कॅरेरा जीटी मुंबईत यायला 2054 उजाडेल.

यापुढच्या गाड्यांचं गणित मात्र बॅटरीवर येऊन ठेपेल. मॅकलॅरेन पी1च्या 375 गाड्या बनल्या, पोर्श 918 स्पायडरच्या 918; दोन्ही हायब्रिड. इंजिनचा सुटा भाग कुशल कारागीर तीस वर्षांनंतरही घडवू शकतो. बॅटरी आणि तिच्या सॉफ्टवेअरसाठी कंपनीकडेच जावं लागतं. म्हणून अशी गाडी घेताना मी रंग आणि किलोमीटर नंतर पाहीन. बॅटरी कधी बदलली, कुणी बदलली आणि पुढची कोण देणार, हे आधी विचारीन.