विश्लेषण : फ्लॅट कोटीचा, रस्ता मात्र एकच… घोडबंदरवर राहणं नेमकं कसं असतं?

बाल्कनीतून एका बाजूला येऊरचे डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी. खाली स्विमिंग पूल, क्लब हाऊस, मुलांसाठी बाग आणि स्वतःचं पार्किंग. ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या बहुतेक मोठ्या संकुलांचं चित्र असंच आहे. पण सकाळी आठ वाजता गाडी सोसायटीच्या गेटबाहेर काढली की हे चित्र बदलतं. कोटीच्या घरातला फ्लॅट घेतल्यावर इथे काय मिळतं आणि काय मिळत नाही?

घोडबंदरला इतकी मागणी का?

ठाणे आणि मुंबईचं जाणं-येणं जुनं आहे. 16 एप्रिल 1853 रोजी देशातली पहिली प्रवासी रेल्वे बोरीबंदरहून निघाली ती ठाण्यालाच. पुढे वागळे इस्टेट, पोखरण रोड, कोलशेत या भागांत कारखाने आले आणि ठाणे उद्योगांचं शहर झालं. नंतर अनेक कारखाने बंद झाले किंवा दुसरीकडे गेले. त्यांच्या मोठ्या जमिनींवर निवासी संकुलं उभी राहिली.

घोडबंदर पट्ट्यात वाघबीळ, कावेसर, कासारवडवली, ओवळे ही मूळ गावं. तिथल्या शेतजमिनींवर आता टॉवर आहेत. पवई किंवा मुलुंडच्या तुलनेत कमी पैशांत मोठं घर, डोंगराची हवा, हाकेच्या अंतरावर शाळा, मॉल आणि रुग्णालयं. त्यामुळे दोघंही नोकरी करणाऱ्या कुटुंबांची पावलं इकडे वळली.

मग अडतं कुठे?

उत्तर नकाशात आहे. एका बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, दुसऱ्या बाजूला खाडी. मधल्या चिंचोळ्या पट्टीतून जाणारा मुख्य रस्ता एकच. त्याला सलग समांतर असा दुसरा मोठा रस्ता नाही. त्यामुळे सगळी वस्ती या एकाच रस्त्याला लगडलेली आहे.

या रस्त्यावर तीन प्रकारची वाहतूक एकत्र येते :

• संकुलांतून बाहेर पडणाऱ्या गाड्या
• बोरिवली, मिरा-भाईंदरकडे जाणारे-येणारे प्रवासी
• जेएनपीटी आणि भिवंडीकडून वसई, गुजरातच्या दिशेने जाणारे कंटेनर

गायमुख घाटात एखादा ट्रेलर बंद पडला किंवा दुरुस्तीचं काम निघालं, की रांग मागे सरकत ठाण्यापर्यंत येते.

एक साधा हिशोब

समजा, एका संकुलात 10 टॉवर आहेत. प्रत्येकी 22 मजले आणि मजल्यावर 4 घरं. म्हणजे 880 घरं. सकाळच्या एका तासात निम्म्या घरांतून एकेक गाडी निघाली तर 440 गाड्या. रांगेत उभ्या गाडीला पुढचं अंतर धरून 6 मीटर जागा लागते, म्हणजे एका संकुलाची रांग अडीच किलोमीटरहून मोठी. प्रत्येक गाडीत एकच माणूस असेल, तर हेच 440 जण 9 बसमध्ये मावतात. त्या बसची रांग दीडशे मीटरही होत नाही.

लोकलने गेलं तर?

घोडबंदर रोडवर रेल्वे स्टेशन नाही. कासारवडवलीहून आधी टीएमटीची बस किंवा रिक्षा पकडून ठाणे स्टेशन गाठावं लागतं. तिथून सीएसएमटी सुमारे 34 किलोमीटर. लोकलला टाइमटेबल आहे, स्टेशनपर्यंतच्या रस्त्याला नाही. त्रास आहे तो याचाच. रोज ठरलेला दीड तास लागला तर माणूस दिवस त्याप्रमाणे लावतो. पण कधी 25 मिनिटं आणि कधी सव्वा तास लागणार असेल, तर रोज सव्वा तास धरूनच निघावं लागतं. मुलांसोबतचा नाश्ता सुटतो. संध्याकाळी घर गाठेपर्यंत मूल झोपलेलं असतं.

गेटच्या आत तरी सगळं सुरळीत?

बऱ्याच अंशी हो, पण त्याचे पैसे वेगळे मोजावे लागतात. सुरक्षा, जनरेटर, लिफ्ट, बाग हे सगळं मेंटेनन्समधून चालतं. उन्हाळ्यात अनेक सोसायट्यांना पाण्याचे टँकर मागवावे लागतात. पाणीटंचाईच्या मुद्द्यावर 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या भागातल्या नव्या बांधकामांना परवानगी देण्यास काही काळ मनाई केली होती.

शिवाय घर चालतं ते बाहेरून येणाऱ्या माणसांवर. घरकामाच्या ताई, ड्रायव्हर, सुरक्षारक्षक, डिलिव्हरी बॉय यांनाही हाच रस्ता पार करावा लागतो. ताईंची बस अडकली की विसाव्या मजल्यावरची सकाळ विस्कटते. रुग्णवाहिकेलाही वेगळा रस्ता नाही.

मेट्रो आल्यावर प्रश्न सुटेल?

वडाळा-कासारवडवली मेट्रो 4 चं भूमिपूजन डिसेंबर 2016 मध्ये झालं. पुढे गायमुखपर्यंतची मार्गिका 4अ आहे. सप्टेंबर 2025 मध्ये गायमुख ते विजय गार्डन टप्प्यावर गाडीची चाचणी झाली. ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं भूमिपूजन जुलै 2024 मध्ये झालं असून त्याची लांबी 11.8 किलोमीटर आहे. बाळकुम ते गायमुख खाडीकिनारी मार्गाचंही नियोजन आहे.

मेट्रोचा खरा फायदा वेगापेक्षा वेळेच्या खात्रीचा असेल. पण त्यासाठी घरातून स्टेशनपर्यंत चालता येईल असा फुटपाथ आणि पुरेशा फीडर बस हव्यात. नाहीतर लोक मेट्रो स्टेशनपर्यंतही गाडीनेच जातील. दुसरं म्हणजे, मेट्रोच्या भरवशावर नवे टॉवर आधीच उभे राहत आहेत. मोकळी झालेली जागा नव्या गाड्यांनी भरायला वेळ लागत नाही.

घर घेण्याआधी काय पाहावं?

साइट व्हिजिट बहुतेक वेळा रविवारी असते. रस्ता मोकळा, सॅम्पल फ्लॅट सजवलेला. घर आवडलं तर सोमवारी सकाळी साडेआठला पुन्हा जावं आणि त्याच गेटपासून आपल्या ऑफिसपर्यंत एकदा प्रवास करून पाहावा. पावसाळ्यात केला तर आणखी बरं. एप्रिल-मेमध्ये सोसायटीत किती टँकर येतात, हे तिथल्या वॉचमनला विचारावं. फ्लॅटची किंमत एकदाच ठरते. रस्त्यावर जाणारा वेळ रोज मोजावा लागतो आणि त्यावर कोणतीही बँक कर्ज देत नाही.