जुन्या तंबोऱ्याचा जीर्णोद्धार आणि जवारी

तंबोरा हे साथीचे वाद्य म्हणून सर्वपरिचित आहे; परंतु त्याची रचना, त्याचे वार्धक्य आणि त्याची दुरुस्ती यांविषयी लिखित विवेचन मराठीत फारसे आढळत नाही. ही विद्या मुख्यतः कारागिरांच्या हातांत आणि कानांत राहिली. एखादा जुना तंबोरा पुन्हा वाजता करावयाचा झाल्यास कोणकोणत्या गोष्टींचा विचार करावा लागतो आणि त्यांमागील शास्त्रीय कारणे कोणती, याचे दिग्दर्शन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील हट्टा या गावासारख्या ठिकाणाचा विचार केल्यास या प्रश्नाचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. हा प्रदेश संत नामदेवांच्या नरसी गावाच्या परिसरातला असून भजन-कीर्तनाची परंपरा येथे जुनी आहे. सप्ताहात वीणेकऱ्याच्या गळ्यात असणारी वीणा ही वस्तुतः तंबोऱ्याचीच लहान बहीण होय. सप्ताह संपेपर्यंत ती खाली ठेवावयाची नाही, असा दंडक पाळला जातो. मात्र सप्ताहानंतर हेच वाद्य मंदिराच्या खुंटीवर किंवा घराच्या कोनाड्यात महिनोन्‌महिने राहते. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि हवा अत्यंत कोरडी असते. जूननंतर तीच हवा दमट होते. भोपळा, लाकूड, सरस आणि धातू हे चारही पदार्थ या पालटाला सारखा प्रतिसाद देत नाहीत. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक आकसते व फुगते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही; भोपळ्याच्या कवचाची रचना याहून निराळी असते. परिणामी जेथे दोन भिन्न पदार्थ जोडलेले असतात, तेथेच सांधा प्रथम उकलतो. तंबोऱ्याचे वय वर्षांनी मोजण्यापेक्षा त्याने सोसलेल्या उन्हाळ्या-पावसाळ्यांनी मोजणे अधिक सयुक्तिक ठरावे.

महाराष्ट्रात या वाद्याच्या निर्मितीचे प्रमुख केंद्र मिरज हे होय. तेथील परंपरेनुसार एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार यांनी या व्यवसायाचा पाया घातला. शिकलगार म्हणजे शस्त्रांना धार व झिलई देणारे कारागीर. शस्त्रांचा काळ ओसरल्यावर कानशीवरचा तोच हात वाद्यांकडे वळला, ही घटना अर्थपूर्ण आहे. कारण तंबोऱ्याचे सर्वांत नाजूक काम, म्हणजे जवारी, हे अखेर कानशीचेच काम आहे. पुढे उस्ताद अब्दुल करीम खाँ (मृत्यू १९३७) यांच्या मिरजेतील वास्तव्याने कारागिरांना एका अत्यंत सूक्ष्म कानाच्या गायकाचा सहवास लाभला. वाद्याला लागणारा कडू भोपळा पंढरपूरच्या परिसरातील भीमाकाठच्या शेतांतून येतो आणि दांडी व तबली यांसाठी मुख्यतः तुणीचे लाकूड वापरतात. मिरजेच्या सतार व तानपुरा या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन प्राप्त झाले.

तंबोऱ्याची घडण थोडक्यात अशी सांगता येईल. वाळवून कोरलेला भोपळा हा ध्वनिपेटीचा मागील भाग; त्याच्या तोंडावर बसविलेली किंचित फुगीर, पातळ फळी म्हणजे तबली; भोपळ्याला गळ्यापाशी जोडलेली पोकळ दांडी; आणि तबलीवर उभी असलेली रुंद माथ्याची घोडी. चार तारा तळाच्या तारदानापासून निघून मण्यांतून व घोडीवरून दांडीच्या शेंड्याकडील खुंट्यांपर्यंत जातात. येथे पाश्चात्य जाझ संगीतातील पोकळ अंगाच्या गिटारशी तुलना उद्‌बोधक ठरते. १९३५ च्या सुमारास मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात परदेशी जाझवृंद वाजू लागले, त्या काळात अशा गिटारचा जाझमध्ये प्रसार झालेला होता. गिब्सन कंपनीची १९२२ मधील एल-५ ही तिचा आद्य नमुना मानली जाते. तिचीही तबली फुगीर असते आणि घोडी केवळ तारांच्या दाबाने जागेवर राहते. जुनी गिटार दुरुस्त करणाऱ्याला सांधे, तबलीचा खचलेला भाग, मानेचा बाक आणि घोडीची जागा हेच प्रश्न सोडवावे लागतात. भेद आहे तो अंतिम साध्यात. गिटारची तार कोठेही घासून भणभणली तर तो दोष समजतात व तो नाहीसा करण्यासाठीच सारी जुळवणी असते. तंबोऱ्यात तारेचे घोडीशी घासणे हेच साध्य असते. फक्त ते अत्यंत नियमित असावे लागते.

जीर्णोद्धाराचे पहिले अंग म्हणजे परीक्षण, आणि त्यात हत्याराला हात लावावयाचा नसतो. तारा उतरविण्यापूर्वी घोडीची जागा, मेरूपासून घोडीपर्यंतचे अंतर, तारांची जाडी आणि दोरा असल्यास त्याचे स्थान यांची नोंद करावी. घोडी एकदा हलल्यावर ही माहिती परत मिळत नाही. त्यानंतर चारही तारा आळीपाळीने, थोड्या थोड्या सैल कराव्यात, म्हणजे तबलीवरील भार एकदम बदलत नाही. भोपळ्यावर बोटाच्या पेराने हलके आघात केल्यास अखंड भागाचा नाद भरीव व भेगेजवळचा नाद फुटका येतो. बारीक छिद्रे आणि खाली पडणारी पिठासारखी भुकटी ही भुंगेऱ्यांची खूण होय; ती दिसल्यास कीड थांबविल्यावाचून पुढील काम करणे व्यर्थ आहे.

दांडी व गळा यांच्या सांध्याचे महत्त्व एका साध्या गणिताने ध्यानात येईल. तारेचा ताण हा तिची लांबी, कंपनसंख्या आणि दर मीटरमागील वस्तुमान यांवर अवलंबून असतो. मेरूपासून घोडीपर्यंत १०० सेंटिमीटर लांबीची व ०.३२ मिलिमीटर जाडीची पोलादी जोडाची तार काळी एकच्या षड्‌जात, म्हणजे सेकंदाला सुमारे १३८.६ कंपनांवर लावल्यास तिचा ताण सुमारे ५ किलोग्रॅम वजनाइतका भरतो. पंचमाची व खर्जाची तार मिळवून चारही तारांचा एकत्रित ताण १५ ते २० किलोग्रॅमांच्या दरम्यान येतो. गिटारच्या सहा तारांचा ताण याच्या चौपटीच्या आसपास असतो. म्हणून तिच्या मानेत बहुधा पोलादी कांब घालतात. तंबोऱ्याच्या पोकळ दांडीत अशी कांब नसते. जो तंबोरा वर्षानुवर्षे पूर्ण ताणात उभा राहिला, त्याची दांडी पुढे झुकते, गळ्याचा सांधा मागच्या बाजूने उघडतो आणि घोडीखालची तबली दबते. मग तारेचा घोडीशी होणारा कोन बदलतो आणि घोडी निर्दोष असूनही जवारी बोलत नाही. अशा वेळी घोडी कानशीने घासणे म्हणजे रोग एकीकडे व उपचार दुसरीकडे, असा प्रकार होतो. आधी सांधा, मग तबली आणि सर्वांत शेवटी घोडी, हा क्रम म्हणूनच अनुल्लंघनीय मानावा.

सांधण्यासाठी परंपरेने सरस वापरतात. तो पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून, सुमारे ६० ते ६५ अंश सेल्सिअस उष्णतेवर विरघळवावा. उकळल्यास त्याची पकड क्षीण होते. आधुनिक राळयुक्त डिंक अधिक बळकट असतात, हे खरे. परंतु सरसाचा सांधा ओलावा व ऊब देऊन पुन्हा उकलता येतो, तसा राळेचा सांधा उकलत नाही. पन्नास वर्षांनी हे वाद्य दुसऱ्या कोणाच्या हाती जाणार आहे, हे गृहीत धरूनच आजची दुरुस्ती करावयास हवी. भोपळ्याची भेग आतून कापडाची पट्टी सरसाने चिकटवून धरावी व बाहेरून लाकडाचा बारीक भुसा व सरस यांनी भरावी. वाद्यावरील जुना रोगण बहुधा लाखेचा असतो. लाख मद्यार्कात विरघळते, म्हणून स्पिरिटच्या बोळ्याने पुसल्यास मळाबरोबर रोगणही निघून जातो. कोरडा मऊ कुंचला व किंचित दमट फडके एवढ्यावर भागवावे.

तबली दबली असल्यास ती तासून सपाट करण्याचा मोह टाळावा. तबलीची जाडी ठिकठिकाणी वेगवेगळी ठेवणे हा मूळ कारागिराचा निर्णय असतो, आणि तासलेले लाकूड परत येत नाही. आतून पातळ आधारपट्टी देणे आणि घोडीचे पाय तबलीच्या बदललेल्या उंचवट्याला नीट बसतील असे जुळविणे, हा अधिक सावध मार्ग होय. खुंट्या घसरत असल्यास त्यांचा निमुळता भाग व छिद्र यांचा संपर्क तपासावा आणि थोडा खडू लावावा. जुनी घोडी हस्तिदंती असल्यास ती फेकून देऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमातील नंतरच्या सुधारणांमुळे हस्तिदंताच्या व्यापारास बंदी असल्याने तिच्या जागी हाडाची किंवा कठीण लाकडाची घोडी करावी लागते, आणि त्या वेळी जुनी घोडी वक्रतेचा नमुना म्हणून उपयोगी पडते.

आता जवारीकडे वळू. घोडीचा माथा धारेसारखा नसून रुंद व अत्यंत मंद उताराचा असतो. छेडलेली तार प्रत्येक आंदोलनात या उतारावर टेकते व उचलली जाते. त्यामुळे तिची कंप पावणारी लांबी क्षणोक्षणी किंचित बदलत राहते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरील आपल्या निबंधात या घोडीचे वैशिष्ट्य दाखवून दिले. थॉमस यंग यांच्या नियमानुसार तार ज्या बिंदूवर छेडली जाते, तेथे ज्या उपस्वरांचा निस्पंद असतो ते उपस्वर नादात उमटू नयेत. तंबोऱ्याची तार तिच्या मध्याच्या आसपास छेडतात. म्हणजे दुसरा, चौथा, सहावा हे उपस्वर जवळजवळ लुप्त व्हावयास हवेत. प्रत्यक्षात ते स्पष्ट ऐकू येतात. वक्र घोडीच्या स्पर्शाने तारेतील ऊर्जा खालच्या उपस्वरांतून वरच्या उपस्वरांकडे वळते आणि नाद छेडल्यानंतरही काही काळ फुलत राहतो, असे याचे स्पष्टीकरण देता येते.

तार व घोडी यांच्यामध्ये सरकविलेला सुती किंवा रेशमी दोरा तारेला घोडीपासून केसभर उचलतो आणि तिच्या स्पर्शाची जागा निश्चित करतो. दोरा किंचित पुढेमागे करताच नादाचे रूप पालटते. परंतु घोडीचा उतार मुळात बिघडला असल्यास दोऱ्याने तो सुधारत नाही. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने तारेखाली बारीक खाच पडते. तार तिच्यात रुतली की नाद आखूड व कर्कश होतो. मग बारीक कानशीने दोन-चार हात द्यावयाचे, तार चढवावयाची, ऐकावयाचे आणि पुन्हा उतरवावयाची. हे कित्येकदा करावे लागते, कारण येथे फरक मिलिमीटरच्या शतांशांत मोजावा लागेल इतका सूक्ष्म असतो. तेजस्वी, पसरट नादाच्या जवारीला ‘खुली’ व मऊ, आवरलेल्या नादाच्या जवारीला ‘बंद’ म्हणतात. कोणती हवी हे गायकाच्या आवाजावर ठरते. म्हणून गायकाच्या अनुपस्थितीत काढलेली जवारी ही अर्धीच समजावी.

सिद्धीची कसोटीही वाद्यातच असते. तंबोरा नीट मिळाल्यावर खर्जाच्या तारेतून गांधार आपोआप ऐकू येतो. त्यास ‘स्वयंभू गांधार’ म्हणतात. तो त्या तारेचा पाचवा उपस्वर होय. सप्तकाचे १२०० सेंट असे भाग केल्यास हा गांधार षड्‌जापासून सुमारे ३८६ सेंटांवर येतो, तर गिटारच्या पडद्यांवरील किंवा सामान्य पेटीवरील समविभाजित शुद्ध गांधार ४०० सेंटांवर असतो. चौदा सेंटांचा हा भेद कागदावर क्षुल्लक वाटतो. परंतु सुशिक्षित कानाला तो जाणवतो, आणि कान असा सुशिक्षित होण्याचे मुख्य साधन तंबोराच आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेल्या विद्युत्‌तंबोऱ्याने गायकांची मोठी सोय केली, यात संशय नाही. तथापि ज्या विद्यार्थ्याने आपल्या हाताने मणी सरकवून गांधार प्रकट होताना कधीच ऐकला नाही, त्याच्या शिक्षणात एक महत्त्वाची पायरी गाळली जाते.

प्रत्येक जुने वाद्य वाजते केलेच पाहिजे, असाही आग्रह धरता येणार नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी ठेवलेले वाद्य हा कारागिरीचा पुरावा असतो; तेथे मूळ घोडीवरील खाचही जतन करण्यायोग्य ठरते आणि तारांचा पूर्ण ताण देणे धोक्याचे असते. याउलट गावच्या भजनातली वीणा वाजण्यासाठीच आहे. तिची घोडी बदलली म्हणून काही हानी होत नाही, मात्र बदलण्यापूर्वी जुनीचे माप घेतलेले असावे. या दोहोंतील विवेक हाच जीर्णोद्धाराचा गाभा होय. हट्ट्यासारख्या गावाहून मिरज दूर आहे आणि वाद्य तेथवर नेण्याचा खर्च कधीकधी वाद्याच्या किमतीहून अधिक वाटतो. त्यामुळे उकललेला एक सांधा बरेचदा वाद्याचा शेवट ठरतो. सांधा ओळखणे, तारा क्रमाने सैल करणे, कडक उन्हाळ्यात वाद्य पत्र्याखाली किंवा भिंतीच्या उष्णतेत न ठेवणे आणि न वाजणाऱ्या काळात ताण एखाद्या स्वराने उतरविणे, एवढे ज्ञान गावोगावी पोचले तरी अनेक वाद्ये वाचतील. जवारीसाठी मात्र जाणत्या कारागिराचाच हात लागतो. त्याच्या कानशीचे कोन, हातांची संख्या आणि ऐकून घेतलेले निर्णय यांची पद्धतशीर नोंद करणे हे संगीत व पदार्थविज्ञान या दोन्ही विषयांच्या अभ्यासकांपुढील कार्य आहे. आणि ती नोंद कारागिराशेजारी बसूनच करता येईल.