मधुमेही पायाची जखम

पायात काटा रुतताच माणूस थांबतो, कारण वेदना ही देहाची राखणदार होय. दीर्घकाळच्या मधुमेहात रक्तातील वाढलेल्या साखरेमुळे पायांचे मज्जातंतू निकामी होतात व ही राखण उठते. आमच्या लोधीखेड्याचे भाविक भर उन्हात जामसावळीस अनवाणी चालतात. तापलेल्या फरशीने आलेला फोड अशा रोग्यास कळतही नाही. तो चालतच राहतो, जखम खोलावते, तीत जंतू शिरतात. रक्तवाहिन्याही अरुंद झालेल्या असल्या, तर पाय कापण्याची पाळी येते.

१९४६ साली वेल्लोरला आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या पायांवरील जखमांचे मूळ बधिरतेत आहे, हे दाखवून दिले. पुढे अमेरिकेत तेच ज्ञान मधुमेह्यांच्या उपयोगी पडले.

ही जखम एकट्या वैद्याने बरी होत नाही. एकाने साखर आवरावी, दुसऱ्याने मृत मांस काढावे, तिसऱ्याने रक्तप्रवाह मोकळा करावा, परिचारिकेने पट्टी बांधावी आणि पादत्राणे करणाऱ्याने जखमेवरील भार हलका करावा. यांतील एक जरी चुकला, तरी इतरांचे श्रम वाया जातात. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात १९८१ साली हे सर्व एकत्र आले आणि पाय गमावण्याचे प्रमाण घटले.

विद्यार्थी मित्रहो, या साखळीची पहिली कडी घरातच आहे. आजोबांचे तळवे रोज पाहा. जखम दिसताच त्यांना दवाखान्यात न्या. ‘दुखत नाही ना!’ म्हणून थांबू नका. न दुखणे हेच तेथे भयाचे लक्षण आहे, असे आम्ही आग्रहाने सांगतो.