हलकी, पण नाजूक नव्हे: कार्बन हार्डटेलविषयीचे सहा गैरसमज

१२ ऑगस्ट २०१२, लंडन ऑलिम्पिकचा शेवटचा दिवस. एसेक्समधल्या हॅडली फार्मच्या टेकाडांवर पुरुषांची क्रॉस-कंट्री माउंटन बाईक शर्यत जवळपास दीड तास चालली आणि निकाल लागला तो एका सेकंदाने. चेक प्रजासत्ताकाच्या यारोस्लाव कुल्हावीने स्वित्झर्लंडच्या निनो शुर्टरला अगदी शेवटी गाठून मागे टाकलं. कांस्यपदक मिळवणारा इटलीचा मार्को आउरेलिओ फोंताना तर उभ्यानेच पायडल मारत आला, कारण शेवटच्या फेरीत त्याच्या सायकलची सीटच निखळून पडली होती. कुल्हावीच्या सायकलला पुढे-मागे दोन्हीकडे शॉक होते. शुर्टरची सायकल मात्र हार्डटेल होती. शॉक फक्त पुढच्या फोर्कमध्ये, मागचा त्रिकोण ताठ, फ्रेम कार्बन फायबरची.

शर्यतीसाठी बनवलेल्या अशा हार्डटेलचं वजन साधारण साडेआठ ते दहा किलो भरतं. गावोगावी दिसणारी काळी, दणकट सायकल २० किलोच्या घरात असते. नुसत्या फ्रेमचं बोलायचं, तर स्पेशलाइज्ड कंपनीने २०२० च्या एपिक हार्डटेलच्या सर्वांत महागड्या फ्रेमचं वजन मध्यम मापात ७९० ग्रॅम सांगितलं होतं. आकडा ऐकून आधी माणूस थक्क होतो आणि मग त्याच्या मनात शंका येते. इतकी हलकी वस्तू दगडधोंड्यांत टिकेल कशी? या शंकेच्या आसपासच बहुतेक गैरसमज जमले आहेत.

गैरसमज १: कार्बन म्हणजे शेवटी प्लॅस्टिकच, एक दगड लागला की फुटली

कार्बन फायबरचा धागा बहुतेक वेळा पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइलपासून बनतो. स्वेटरची अ‍ॅक्रिलिक लोकर याच कुळातली. हा धागा हवा नसलेल्या भट्टीत हजार अंश सेल्सिअसच्या वर तापवला की त्यातलं बाकीचं सगळं उडून जातं आणि उरतो तो जवळजवळ शुद्ध कार्बन. जाडी ५ ते ७ मायक्रॉन, म्हणजे केसाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतकी. लांबीच्या दिशेने ताणला तर नेहमीच्या दर्जाचा धागासुद्धा पोलादापेक्षा थोडा अधिक ताठ ठरतो, आणि त्याची घनता पोलादाच्या चौथाईपेक्षाही कमी असते. प्लॅस्टिक म्हणायचंच, तर ते या धाग्यांना बांधून ठेवणाऱ्या इपॉक्सी राळेला म्हणता येईल. बोइंग ७८७ विमानाच्या रचनेत वजनाने निम्मा वाटा अशाच संमिश्र पदार्थांचा आहे.

ही ताकद एकाच दिशेची असते, आणि सगळं कौशल्य इथेच लागतं. बांबू लांबीत ताणला तर दाद देत नाही, पण टोकावर कोयता बसला की सरळ चिरत जातो. धाग्याचंही तसंच. म्हणून फ्रेम बनवताना धाग्यांचे पातळ थर वेगवेगळ्या कोनांत एकावर एक चढवतात. पायडलजवळ, जिथे पिळवटणारा जोर येतो, तिथे तिरके थर जास्त. मागच्या वरच्या नळ्यांमध्ये, जिथे थोडी लवचीकता हवी, तिथे मांडणी निराळी. साच्यात घालून उष्णता आणि दाब दिला की राळ घट्ट होते. जाहिरातीत ‘टी ७००’, ‘टी १०००’ असे आकडे झळकतात. ते धाग्याची ताणशक्ती सांगतात. फ्रेम कशी निघेल, हे थरांच्या मांडणीवर त्याहून जास्त अवलंबून असतं.

चाचण्यांमध्येही कार्बनला सवलत मिळत नाही. आयएसओ ४२१० या आंतरराष्ट्रीय मानकानुसार फ्रेम कोणत्याही पदार्थाची असो, पायडलवर आलटून पालटून जोर देणाऱ्या चाचणीची एक लाख आवर्तनं तिला सोसावी लागतात. कॅलिफोर्नियाच्या सांता क्रूझ कंपनीने आपल्या प्रयोगशाळेतली चित्रफीत प्रसिद्ध केली होती. तिच्यात एकाच मॉडेलच्या अ‍ॅल्युमिनियम आणि कार्बन फ्रेमवर सारखेच आघात केले, तेव्हा अ‍ॅल्युमिनियमची आधी मोडली. कंपनी दोन्ही प्रकारच्या फ्रेम विकत होती, हेही लक्षात घेण्यासारखं.

तरी भीतीला अगदीच आधार नाही, असं नाही. शर्यतीच्या फ्रेमच्या नळ्या मधल्या भागात फार पातळ असतात. स्वार बसल्याने, उड्यांनी, खड्ड्यांनी येणारा जोर त्या सहज पेलतात, कारण त्यासाठीच त्या बनवलेल्या असतात. पडल्यावर हँडल गर्रकन फिरून वरच्या नळीवर आदळलं, किंवा टोकदार दगड आडवा बसला, तर मात्र हिशेब बदलतो. सायकल दुरुस्तीच्या स्टँडवर ही नळी चिमटीत आवळणं हाही त्याच जातीचा प्रकार. स्टँडची पकड नेहमी सीटपोस्टवर, म्हणजे सीटच्या दांड्यावर हवी.

गैरसमज २: तडा गेला की कळत नाही, दुरुस्त होत नाही, आणि उन्हात तर मऊच पडते

अ‍ॅल्युमिनियमला पोचा पडतो, तो डोळ्यांना दिसतो. कार्बनला पोचा पडत नाही. थर सुटतात किंवा भेग जाते. पहिली तपासणी मात्र घरच्या घरी होते. नाण्याने नळीवर टकटक करत गेलं की चांगल्या भागाचा आवाज खणखणीत येतो आणि थर सुटलेल्या जागी तो बद्द होतो. नळीची जाडी बदलते तिथेही आवाज बदलतो, त्यामुळे संशय आला तर पुढची पायरी अल्ट्रासाउंड तपासणीची.

भेग सापडली तरी फ्रेम भंगारात जात नाही. खराब भाग घासून काढायचा, मूळ दिशेप्रमाणे नवे थर चढवायचे, राळ घट्ट करायची, हा आता स्वतंत्र व्यवसाय आहे. कॅलिफोर्नियातली काल्फी डिझाइन ही कार्यशाळा दोन दशकांहून अधिक काळ वेगवेगळ्या कंपन्यांच्या फ्रेम दुरुस्त करते आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला वेल्डिंग केल्यावर पुन्हा उष्णताप्रक्रिया लागते. त्या मानाने कार्बनची दुरुस्ती अनेकदा सोपी पडते.

उन्हाबद्दल बोलायचं, तर फ्रेमची राळ मऊ पडायला साधारणपणे १०० अंशांच्या वर तापमान लागतं. विदर्भातला मे महिना कितीही तापला तरी तिथवर पोचत नाही. अतिनील किरणांपासून वाचवायला रंग आणि वरचा पारदर्शक थर असतो. तापून खराब होण्याच्या ज्या गोष्टी कानावर येतात, त्या बहुतेक रिमवर घासणाऱ्या ब्रेकच्या कार्बन चाकांच्या. माउंटन बाईकला डिस्क ब्रेक असल्याने तो प्रश्नच येत नाही.

कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत मात्र एक खरा शत्रू आहे. कार्बन गंजत नाही, पण कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकले आणि त्यात खारट ओल शिरली की विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि अ‍ॅल्युमिनियम झिजतं. अ‍ॅल्युमिनियमची सीटपोस्ट कार्बनच्या नळीत जाम होते ती अशी. उपाय स्वस्त आहे: अधूनमधून सीटपोस्ट बाहेर काढून पुसायची आणि कार्बनसाठीची पेस्ट लावून परत बसवायची. या पेस्टमधल्या बारीक कणांमुळे कमी आवळूनही पकड मिळते. बोल्टवर ५ न्यूटन-मीटर लिहिलं असेल, तर तेवढंच. त्यासाठी किती पीळ बसतो ते दाखवणारा टॉर्क रेंच हवा. ‘अजून एक पीळ देऊ या’ या सवयीने दगडांपेक्षा जास्त फ्रेम बिघडू शकतात.

गैरसमज ३: जितकी हलकी, तितकी वेगवान

इथे थोडं गणित करावं लागतं. स्वार ६५ किलोचा, सायकल ९ किलोची, पाणी-हेल्मेट-बूट मिळून ३ किलो. एकूण ७७. सायकल एका किलोने हलकी केली, तर एकूण वजन १.३ टक्क्यांनी घटतं. उभ्या चढावर जवळजवळ सगळी शक्ती गुरुत्वाकर्षणाशी झगडण्यात जाते, म्हणून पाच मिनिटांच्या चढात साधारण चार सेकंद वाचतात. सपाटीवर हा फायदा नगण्य होतो, आणि उतारावर तर फरक पडतो तो टायरची पकड, ब्रेक आणि स्वाराची हिंमत यांनी.

ऑलिम्पिकच्या शर्यतीत प्रत्येक फेरीत चढ येतात. तिथे चार-चार सेकंद साठत जातात आणि म्हणूनच खेळाडू ग्रॅम मोजतात. पण लंडनला कुल्हावी मागचा शॉक, सांधे आणि बेअरिंग यांचं जास्तीचं वजन वाहत होता, आणि तरी तोच जिंकला. रस्त्यावरच्या शर्यतींत सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी असू नये, असा आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेचा नियम आहे. माउंटन बाईकला तो लागू नाही. तरीही क्रॉस-कंट्रीचे स्पर्धक त्या आकड्याच्या खाली जायला धडपडत नाहीत. रुंद टायर, मोठ्या डिस्क आणि चालू शर्यतीत खाली-वर होणारी ड्रॉपर सीटपोस्ट यांसाठी ते आपखुशीने वजन वाढवतात.

गैरसमज ४: हार्डटेलचा जमाना संपला

१९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये या खेळाने पदार्पण केलं, तेव्हा शर्यत प्रामुख्याने दमाची होती. फ्रान्सच्या ज्युलियन अब्सालोंने २००८ मध्ये बीजिंगला सलग दुसरं सुवर्ण जिंकलं ते ऑर्बिया कंपनीच्या कार्बन हार्डटेलवर. पुढे मार्ग बदलले. मुद्दाम रचलेले दगडांचे पट्टे, उंचावरून घ्यायच्या उड्या, तीव्र उतार आले. लंडनला रौप्यावर थांबलेला शुर्टर २०१६ मध्ये रिओत सुवर्ण जिंकताना फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे शॉक असलेल्या सायकलवर होता. जागतिक पातळीवर आज बहुतांश खेळाडू त्याच वाटेने गेले आहेत. तिथवर समज बरोबर आहे.

त्याखालच्या पातळीवर चित्र निराळं दिसतं. त्याच किमतीत हार्डटेलला चांगली चाकं, चांगला फोर्क आणि चांगले गिअर मिळतात. फिरणारे सांधे नसल्याने देखभाल कमी लागते. सह्याद्रीत पावसाळाभर चिखल तुडवून आलेल्या फुल सस्पेन्शन सायकलच्या बेअरिंगचा खर्च ज्याने भरलाय, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. शिवाय आजची हार्डटेल ही अब्सालोंच्या वेळची राहिलेली नाही. पूर्वी पुढचा फोर्क ७० ते ७१ अंशांत उभा असायचा. २०२० च्या एपिक हार्डटेलमध्ये तो कोन ६८.५ अंशांवर आला. फोर्क जितका तिरका, तितकं पुढचं चाक स्वाराच्या पुढे राहतं आणि उतारावर सायकल तितकी स्थिर वाटते.

गैरसमज ५: कार्बन फार ताठ, पाठीचा पार भुगा

मागे शॉक नाही म्हणजे दणके बसणार, हे खरं. पण त्यांचा दोष कार्बनवर टाकण्याआधी टायरमधली हवा तपासावी. हवा भरणारा सवयीने ४०-५० पीएसआय भरून देतो. टायरच्या कडेला छापलेला आकडा बहुधा कमाल मर्यादेचा असतो. तो गाठायलाच हवा, असं नाही. २.२ ते २.४ इंची ट्यूबलेस टायरमध्ये ६५-७० किलोचा स्वार २० पीएसआयच्या आसपास हवा ठेवतो. एवढ्या कमी दाबाने टायर दगडावर उसळण्याऐवजी त्याला लपेटून घेतं. आत ट्यूबच नसल्याने दगडावर चिमटून ती फुटण्याची भीती नाही, आणि बाभळीचा काटा रुतलाच तर टायरमधलं लॅटेक्सयुक्त सीलंट भोक बुजवतं. आपल्या उन्हात ते लवकर सुकतं, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी नव्याने ओतावं लागतं.

हवेचं जमल्यावर फ्रेमची पाळी येते. २७.२ मिलिमीटरची बारीक सीटपोस्ट थोडी लवते आणि दणका शोषते. ट्रेक कंपनीच्या प्रोकॅलिबर या हार्डटेलमध्ये तर सीटची नळी वरच्या नळीपासून सुटी ठेवणारी आयसोस्पीड नावाची रचना आली, म्हणजे ती मोकळेपणी लवावी.

गैरसमज ६: एवढे पैसे मोजून फक्त १२ गिअर?

आपल्याकडे सायकल घ्यायला गेलं की पहिला प्रश्न गिअरचा. स्वस्तातल्या सायकलीवर ‘२१ गिअर’ ठळक लिहिलेलं असतं, आणि महागड्या हार्डटेलला पुढे एकच चक्र, मागे १२. फसवणूक वाटावी असंच हे चित्र.

जुन्या पद्धतीच्या २७ गिअरच्या माउंटन बाईकचा हिशेब घेऊ. पुढचं सर्वांत लहान चक्र २२ दात्यांचं, मागचं सर्वांत मोठं ३४ दात्यांचं. पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक ०.६५ फेरे फिरतं. आजच्या सायकलीत पुढे ३२ आणि मागे ५१ दाते, म्हणजे ०.६३ फेरे. चाकाचं माप सारखं धरलं, तर चढावर लागणारा सर्वांत हलका गिअर १२ वाल्या सायकलीतच जास्त हलका निघाला. गमावलं ते दुसऱ्या टोकाला: ४४ आणि ११ दात्यांच्या जोडीवर ४ फेरे मिळायचे, आता ३२ आणि १० वर ३.२ मिळतात. डांबरी उतारावर हा फरक जाणवतो, डोंगरवाटेवर सहसा नाही. शिवाय २७ पैकी बरेच गिअर एकमेकांची पुनरावृत्ती करणारे होते. पुढच्या चक्रांवर चेन सरकवणारा डिरेल्युअर, त्याची केबल आणि त्याचा लिव्हर गेल्याने वजन घटलं, आणि चिखलात चेन अडकण्याची एक जागाही कमी झाली.

दुकानातला उत्साह गिअरवरून पुष्कळदा उड्यांवर जातो. तिथे बोलण्यापेक्षा फ्रेमवरचं स्टिकर किंवा सोबतची पुस्तिका उघडलेली बरी. अमेरिकी एएसटीएम मानकाच्या वर्गवारीत क्रॉस-कंट्री सायकली सहसा तिसऱ्या गटात मोडतात: खडबडीत पायवाटा चालतील, पण उडी ६१ सेंटिमीटरच्या आत. चौथ्या गटाला १२२ सेंटिमीटरपर्यंत मुभा आहे आणि पाचवा गट त्याहून मोठ्या उड्यांचा. स्वार आणि सामान धरून किती किलोपर्यंत वजन चालेल, हेही कंपन्या पुस्तिकेत देतात.